भारतीय विमान वाहतूक : विस्तार आणि वास्तव

१८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शन-मैदानावरून हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रांची थैली घेऊन यमुनेपलीकडील नैनीपर्यंत उड्डाण केले. अंतर अवघे सहा मैलांचे होते. विमानातून अधिकृतरीत्या टपाल नेण्याचा जगातील हा पहिला प्रसंग मानला जातो. विमानविद्येचा जन्म परदेशात झाला असला, तरी तिचा सार्वजनिक उपयोग करून पाहण्याच्या कामी आपला देश मागे नव्हता, एवढे या घटनेवरून दिसते.

नियमित सेवेचा आरंभ मात्र त्यानंतर एकवीस वर्षांनी झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ जातीचे एक इंजिनाचे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणले व जुहूच्या मैदानावर उतरविले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. तेव्हाचे जुहू म्हणजे समुद्रकाठची मातीची सपाटी. पावसाळ्यात ती चिखलात बुडे आणि मग सारा बाडबिस्तरा पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाशेजारील मैदानावर हलवावा लागे. धावपट्टीवाचून आणि नभोवाणी-मार्गदर्शनावाचून सुरू झालेल्या या सेवेचे पुढे १९४६ मध्ये एअर इंडिया असे नामकरण झाले आणि ८ जून १९४८ रोजी मुंबई–लंडन अशी तिची पहिली आंतरराष्ट्रीय फेरी निघाली.

याच काळातील आणखी एक प्रयोग महाराष्ट्रातील वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. देशाच्या मध्यभागी एक केंद्र धरून चारी दिशांची वाहतूक तेथे जुळवावयाची, ही कल्पना पुढे जगातील मोठमोठ्या मालवाहू कंपन्यांनी उचलली. नागपूरने ती त्यांच्या कितीतरी आधी प्रत्यक्षात आणून दाखविली होती. मिहान प्रकल्पाची चर्चा करताना हा पूर्वेतिहास सहसा कोणास आठवत नाही.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. परदेशी मार्गांसाठी एक आणि देशांतर्गत मार्गांसाठी एक अशी दोन महामंडळे स्थापन झाली. १९९४ मध्ये तो कायदा रद्द होऊन खाजगी कंपन्यांना रीतसर वाट मोकळी झाली. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त भाड्याची सेवा सुरू केली आणि रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातून प्रवास करणारा मध्यमवर्गीय प्रथमच विमानाचा विचार करू लागला. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली, तेव्हा एक वर्तुळ पूर्ण झाले.

आकड्यांचा अर्थ

२०२४ या वर्षी देशांतर्गत मार्गांवर सुमारे १६ कोटी प्रवाशांनी विमान प्रवास केला. अमेरिका व चीन यांच्या खालोखाल देशांतर्गत वाहतुकीत आपला तिसरा क्रमांक लागतो. २०१४ मध्ये देशात ७४ विमानतळ चालू स्थितीत होते. दहा-अकरा वर्षांत ही संख्या दुपटीहून अधिक होऊन १६० च्या आसपास पोहोचली. २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. देशातील सर्व कंपन्यांकडे मिळून सुमारे सातशे विमाने असताना नोंदविलेल्या या मागण्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे अपेक्षित वाढीची कल्पना येते.

हे आकडे खरे आहेत. परंतु ते वाचण्याची रीत माहीत असली पाहिजे. विमान वाहतुकीच्या आकडेवारीत माणसे मोजली जात नाहीत, फेऱ्या मोजल्या जातात. मुंबईचा एखादा व्यापारी दर आठवड्यास दिल्लीस जाऊन परत येत असेल, तर वर्षाअखेर त्याच्या एकट्याच्या नावे शंभरावर प्रवासी जमा होतात. त्यामुळे १६ कोटी प्रवासी म्हणजे १६ कोटी भारतीय नव्हेत. प्रत्यक्ष विमानात बसलेल्यांची संख्या याहून पुष्कळच कमी असणार. लोकसंख्येशी प्रमाण काढले, तर दर शंभर भारतीयांमागे वर्षाला सुमारे अकरा देशांतर्गत फेऱ्या पडतात. जवळपास तेवढ्याच लोकसंख्येच्या चीनमध्ये २०२४ साली आंतरराष्ट्रीय मार्ग धरून सुमारे ७३ कोटी प्रवासी नोंदले गेले, म्हणजे शंभरामागे पन्नासहून अधिक. आपली परदेशी वाहतूक मिळविली तरी या तुलनेत फारसा फरक पडत नाही.

या तफावतीचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही खरे आहेत. एक, वाढीला अजून विपुल वाव आहे. दोन, आज जी वाढ दिसते ती समाजाच्या एका पातळ थरातील आहे. गणिताच्या शिक्षकांना शेकडेवारी व सरासरी शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. एकच आकडा, पण त्याचा भाजक बदलला की सारे चित्र पालटते.

मुंबईची कोंडी

वाढीचा भार सर्वत्र सारखा पडत नाही. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. परंतु त्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे दोहोंचा एकाच वेळी वापर करता येत नाही. व्यवहारात विमानतळ एकाच धावपट्टीवर चालतो. अशा स्थितीत डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजारावर उड्डाणे हाताळण्याचा विक्रम तेथील नियंत्रकांनी केला, ही त्यांच्या कौशल्याची थोर साक्ष होय. तथापि भोवती वस्ती दाटलेली असल्याने विस्तारास जागा नाही आणि २०२४-२५ मध्ये प्रवासीसंख्या साडेपाच कोटींच्या घरात गेली. एका विमानाला उतरण्यास उशीर झाला की त्याच्या पुढच्या सर्व फेऱ्या उशिरा होतात. नागपूर वा छत्रपती संभाजीनगरच्या प्रवाशास आपल्या गावी स्वच्छ ऊन असताना विमान का लांबले हे कळत नाही. त्याचे कारण बहुधा मुंबईच्या आकाशात असते.

या कोंडीवरील उपाय म्हणून नवी मुंबई विमानतळ उभा राहिला. २००७ मध्ये केंद्र शासनाची तत्त्वतः मान्यता, २०१० मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी, २०१८ मध्ये भूमिपूजन, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून प्रवासी सेवा, असा त्याचा प्रवास आहे. क्षेत्र ११६० हेक्टर. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची असून सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ती नऊ कोटींपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी उलवे येथील टेकडी कापावी लागली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला.

ही झाली अभियांत्रिकी. पण याच जागेवर तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावे होती. नवी मुंबईसाठी १९७० पासून संपादित झालेल्या जमिनींच्या मोबदल्याचा प्रश्न त्याआधीच धगधगत होता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनात जासई-नवघर परिसरात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले. विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठी ते साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. ज्या अधिकाऱ्यांना भूसंपादनाचे काम करावे लागते, त्यांनी हा इतिहास कायद्याच्या कलमांइतक्याच काळजीने वाचावा, असे वाटते. रोख रक्कम हाती देऊन शेतकऱ्यास मोकळे करणे आणि त्याच्या जमिनीला येणाऱ्या वाढीव मोलात त्याला भागीदार करणे, यांत मोठे अंतर आहे.

पुण्याचा प्रश्न याच जातीचा आहे. लोहगावचा तळ हवाई दलाचा असून नागरी विमानांना तेथे मर्यादित अवकाश मिळतो, म्हणून पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ योजिला आहे. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही ती सात गावे. पुरंदरचे अंजीर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि सीताफळाच्या बागांवर तेथील अनेक घरे चालतात. २०२५ मध्ये पाहणी व मोजणीस ग्रामस्थांनी विरोध केला, संघर्षाचे प्रसंगही उद्भवले, आणि त्याच वर्षी पुष्कळ खातेदारांनी संमतिपत्रेही दिली. शहराला विमानतळ हवा हे नाकारता येत नाही. कमी पाण्यावर वाढविलेली बाग ही एका पिढीची कमाई असते, हेही नाकारता येत नाही. या दोहोंचा मेळ मोबदल्याच्या दरपत्रकाने आपोआप बसेल, असे मानणाऱ्यांनी जासईची आठवण ठेवावी.

लहान शहरांचे आकाश

लोकप्रतिनिधींना आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या नागरिकांना सर्वांत जवळचा वाटणारा विषय प्रादेशिक विमानसेवेचा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र शासनाने 'उडान' ही योजना जाहीर केली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली मार्गाने तिचा प्रारंभ झाला. त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद सेवेलाही हिरवा झेंडा दाखविण्यात आला.

योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. लहान शहराच्या मार्गावर निम्म्या जागांचे भाडे मर्यादित ठेवावयाचे. सुमारे तासाभराच्या प्रवासास ही मर्यादा प्रारंभी २५०० रुपये होती. यामुळे कंपनीस येणारी तूट अनुदानाने भरून द्यावयाची. त्या अनुदानाचा ८० टक्के वाटा केंद्रीय निधीतून आणि २० टक्के वाटा राज्याकडून येतो. केंद्रीय निधीसाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकारणी केली जाते, म्हणजे मुंबई–दिल्लीचा प्रवासी नांदेड वा कोल्हापूरच्या प्रवाशास थोडा हातभार लावतो. राज्याने विमान इंधनावरील मूल्यवर्धित कर एक टक्क्यावर आणावयाचा, तसेच सुरक्षा व अग्निशमन व्यवस्था विनामूल्य पुरवावयाची. अनुदान तीन वर्षांसाठी, आणि त्या काळात त्या मार्गावर त्याच कंपनीचा एकाधिकार. तीन वर्षांत मार्ग रुळेल आणि मग अनुदानाविना स्वतःच्या पायांवर उभा राहील, असे गृहीतक यामागे होते.

हे गृहीतक कितपत खरे ठरले? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये संसदेस सादर केलेल्या अहवालात त्याचे उत्तर आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही. ज्या ३७१ मार्गांवर सुरू झाली, त्यांपैकी तीन वर्षांची मुदत पूर्ण करणारे मार्ग ११२ निघाले. आणि मुदत संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले मार्ग केवळ ५४. एकूण मंजूर मार्गांच्या प्रमाणात हे सात टक्के होतात.

महाराष्ट्रातील अनुभव याहून फार निराळा नाही. नांदेड व जळगाव येथून उड्डाणे करणारी ट्रुजेट ही कंपनी २०२२ मध्ये बंद पडली आणि दोन्ही शहरांची ती सेवा तुटली. पुढे अन्य कंपन्या आल्या, पण मधला काळ प्रवासी पुन्हा रेल्वेकडे वळले. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या समारंभाने सुरू झालेल्या सिंधुदुर्गातील चिपी विमानतळावर सेवा कधी चालू, कधी खंडित असाच क्रम राहिला. लातूर आणि यवतमाळच्या धावपट्ट्यांवर वर्षानुवर्षे नियमित प्रवासी विमान उतरलेले नाही. उलट कोल्हापूरचे उदाहरण आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील उजळाईवाडीची धावपट्टी दीर्घकाळ सुनी होती. ती या योजनेत जागी झाली, तेथे प्रवासी मिळाले, धावपट्टी वाढली आणि २०२४ मध्ये नवी प्रवासी इमारतही उभी राहिली. काकडी येथील शिर्डी विमानतळास २०१७ पासून भाविकांची खात्रीची वर्दळ लाभली.

असे का होते? प्रस्तुत लेखकाच्या मते मुख्य कारण असे, की विमानतळ बांधणे हे शासनाच्या हातचे काम आहे, पण विमान आणणे नव्हे. इमारतीसाठी निधी मंजूर करता येतो, पायाभरणीची तारीख ठरविता येते. सत्तर आसनांचे विमान मात्र रोज भरावे लागते, आणि ते भरणारा प्रवासी त्या जिल्ह्याच्या उद्योगातून, बाजारपेठेतून, तीर्थक्षेत्रातून वा शिक्षणसंस्थांतून यावा लागतो. सेवा आठवड्यातून तीनच दिवस आणि तीही बेभरवशाची असेल, तर कामासाठी निघणारा माणूस तिच्यावर विसंबत नाही. तो विसंबत नाही म्हणून विमान रिकामे जाते, आणि रिकामे जाते म्हणून फेऱ्या कमी होतात. एस.टी. महामंडळाच्या नव्या मार्गांवर आगार व्यवस्थापकांनी हेच चक्र अनेकदा पाहिले असेल. फरक इतकाच, की येथे तोटा लाखांत मोजला जातो.

दुसरे कारण रस्त्याचे. ७०१ किलोमीटरचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णतः खुला झाला. ज्या जिल्ह्यातून चांगल्या रस्त्याने चार-पाच तासांत मोठे शहर गाठता येते, तेथे विमानाचा वाचणारा वेळ विमानतळावरील तपासणी आणि प्रतीक्षेत खर्च होतो. म्हणून दर जिल्ह्यास एक विमानतळ ही मागणी पुढे करण्यापूर्वी त्या जिल्ह्यातून कोण, कोठे आणि किती वेळा जातो, याची साधी पाहणी स्थानिक पातळीवर व्हावयास हवी. ती क्वचितच होते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात योजनेचे सुधारित रूप जाहीर होऊन दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. आधीच्या ७७४ मार्गांचा हिशेब या नव्या १२० ठिकाणांच्या निवडीत उतरला, तर तो खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही.

मालवाहतुकीबद्दल थोडे. शेतमाल विमानाने पाठविण्याच्या कल्पनेचे आकर्षण मोठे आहे. द्राक्षासारखा वजनदार माल परदेशी जातो तो मुख्यतः जहाजाने, आणि तेच परवडते. आंब्याचे निराळे. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्यास दार उघडले, तेव्हा लासलगावच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया करून तो हवाई मार्गाने धाडण्यात आला. मोल अधिक, आयुष्य अल्प आणि वजन बेताचे, अशाच मालाला विमान मानवते.

कंपन्या का बुडतात

प्रवासी वाढत असताना कंपन्या बुडतात, हे या व्यवसायाचे एक कोडे आहे. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. बहुतेक विमाने भाडेपट्ट्याने घेतलेली असतात आणि भाडे डॉलरमध्ये द्यावे लागते. उत्पन्न मात्र रुपयात येते. एकूण खर्चात इंधनाचा वाटा साधारणतः तिसऱ्या हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. विमान इंधन वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावर राज्ये स्वतंत्र कर लावतात. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड येथील हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. त्यातच इंजिनातील दोषांमुळे विमाने जमिनीवर खिळून राहिली, की भाडे चालू आणि उत्पन्न बंद अशी अवस्था होते. परिणामी देशांतर्गत वाहतुकीचा साठ टक्क्यांहून अधिक भाग एकाच कंपनीकडे गेला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीसंबंधीचे नवे नियम पूर्णपणे अंमलात आल्यानंतर या कंपनीचे वेळापत्रक कोसळले आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणे आणि रात्रीच्या अवतरणांवर मर्यादा घालणे, हे नियम सुरक्षिततेसाठीच होते. काही तरतुदींत तात्पुरती सवलत द्यावी लागली, यावरून मनुष्यबळ किती अपुरे आहे ते उघड झाले.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले. वाढीचे आकडे मांडताना या आकड्यांना बाजूस सारता येणार नाही. विमाने दुप्पट व्हावयाची असतील, तर त्यांची तपासणी करणारे निरीक्षक, हवाई वाहतूक नियंत्रक आणि देखभाल अभियंतेही त्या प्रमाणात वाढले पाहिजेत. विमान खरेदीची बातमी पहिल्या पानावर येते. निरीक्षकांच्या रिक्त पदांची मात्र कोठेच येत नाही.

मनुष्यबळ आणि शाळा

केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी २०२५ मध्ये, येत्या काळात देशास ३०,००० वैमानिक लागतील असे सांगितले. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण, वैद्यकीय पात्रता आणि २०० तासांचे उड्डाण ही मुख्य अट आहे. अडचण खर्चाची आहे. तो पन्नास लाखांच्या वर जातो, म्हणून बहुसंख्य कुटुंबांना हा मार्ग बंदच असतो. महाराष्ट्रात गोंदियाजवळील बिरसी येथे प्रशिक्षण संस्था आहे आणि १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झालेल्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळालगत वर्षाला १८० वैमानिक घडविणाऱ्या प्रबोधिनीची आखणी झाली आहे. तेथे स्थानिक विद्यार्थी किती येतात हे शिष्यवृत्त्यांवर अवलंबून राहील.

तथापि विमान वाहतूक म्हणजे केवळ वैमानिक नव्हे. नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीचे केंद्र २०१५ पासून आहे. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून लढाऊ विमाने घडवीत असून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची मूळ कंपनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगलोरला स्थापन करणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे होते. विमानाची देखभाल करणारा तंत्रज्ञ, भूसेवा कर्मचारी, मालवाहतुकीचा हिशेबनीस, हवामान निरीक्षक ही कामे तालुक्याच्या शाळेतून आलेल्या मुलामुलींच्या आवाक्यातील आहेत. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली देशातील केवळ महिला वैमानिकांचे पहिले उड्डाण झाले होते. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीहून बरेच अधिक आहे. नववी-दहावीच्या वर्गात ही माहिती वेळेवर पोहोचली, तर गणित सोडावे की ठेवावे हा निर्णय काही मुली निराळा घेतील.

ग्रामपंचायतीचा संबंध

विमानतळाशी ग्रामपंचायतीचा संबंध जमीन देण्यापुरता असतो, असा समज आहे. तो अपुरा आहे. विमानतळाच्या केंद्रबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरांची कत्तल करणे वा पक्षी आकृष्ट होतील असा केरकचरा टाकणे यास विमान नियमांनुसार मनाई आहे. घारी आणि गिधाडे विमानाच्या इंजिनात शिरून अपघात होतात, म्हणून हा नियम. ओढ्याच्या काठी टाकलेली मेलेली जनावरे आणि गावाबाहेरचे उकिरडे हा अशा गावांत केवळ आरोग्याचा प्रश्न राहत नाही. शिर्डी, कोल्हापूर वा अमरावतीच्या परिसरातील किती ग्रामसभांत हा विषय निघाला असेल, याची शंकाच आहे.

उंचीचेही तसेच. विमानतळापासून २० किलोमीटरपर्यंतच्या टापूत इमारत, मनोरा, पाण्याची टाकी वा धुराडे विशिष्ट मर्यादेपेक्षा उंच बांधावयाचे असल्यास भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. कोठे किती उंची चालते हे दाखविणारे रंगीत नकाशे प्राधिकरणाने मोठ्या संख्येने विमानतळांसाठी तयार केले आहेत. बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत ते पाहण्याची सवय लागली, तर पुढील मनस्ताप टळतो. सोलापूरचे उदाहरण सर्वांसमोर आहे. तेथील श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याचे सुमारे ९० मीटर उंचीचे धुराडे होटगी रस्त्यावरील विमानतळास अडथळा ठरले. वर्षानुवर्षे वाद चालला. कारखान्यावर सभासद शेतकऱ्यांचा ऊस अवलंबून होता आणि शहरातील व्यापारी-उद्योजकांना विमान हवे होते. अखेर १५ जून २०२३ रोजी धुराडे पाडण्यात आले. त्यानंतर सोलापूरहून पहिले नियमित विमान गोव्यास निघावयास जून २०२५ उजाडले. धुराडे उभारताना एक नकाशा पाहिला गेला असता, किंवा पाडल्यानंतर विमान लगोलग आले असते, तर दोन्ही बाजूंच्या लोकांचा तो काळ वाचला असता.